निवृत्तांच्या वसाहतीत दिवस कसा जातो?

नाशिकमध्ये निवृत्त माणसांची वानवा कधीच नव्हती. नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस आणि नोट प्रेस, ओझरचा एचएएलचा कारखाना, एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र, सातपूर-अंबडच्या कंपन्या, शाळा, बँका, कचेऱ्या यांतून बाहेर पडलेली माणसे याच शहरात मुरली. त्यांत मुंबईकरांची भर पडली. डोंबिवली-मुलुंडची जागा विकायची, गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरला ऐसपैस फ्लॅट घ्यायचा आणि उरलेले पैसे बँकेत ठेवायचे, असा अनेकांचा हिशेब होता. त्याही आधी देवळाली कॅम्पात पारशी, गुजराती, जैन मंडळींनी आपापल्या समाजासाठी सॅनिटोरियमे बांधली, तीही इथल्या कोरड्या हवेच्या भरवशावर.

हवा अजून बरी आहे. घरे मात्र सत्तरीतल्या पायांसाठी बांधलेली नाहीत. कॉलेज रोड, सिडको, नाशिकरोड या भागांतल्या कितीतरी जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. पस्तिशीतल्या जोडप्याने तेव्हा तिसरा मजला हवेशीर म्हणून निवडला. आज त्याच जिन्यापायी भाजीला खाली उतरणे आधी दिवसाआड होते, मग आठवड्यातून एकदा, आणि पुढे सगळेच फोनवर मागवले जाते. मुलगा हिंजवडीत, मुलगी बंगळुरूत किंवा टोरांटोत. रात्री दोन वाजता छातीत दुखले तर दार कोण उघडणार, हा प्रश्न घरात सगळ्यांच्या मनात असतो आणि कोणीच तो मोठ्याने विचारत नाही.

अशा वेळी साधारण तीन पर्याय पुढे येतात. मुलाकडे जाऊन राहणे, ब्यूरोमार्फत मावशी किंवा केअरटेकर ठेवणे, किंवा निवृत्तांसाठी बांधलेल्या वसाहतीत घर घेणे. तिसऱ्या पर्यायाकडे मराठी घरे अजून थोड्या संकोचाने पाहतात. हा संकोच बाजूला ठेवून त्याचा विचार आरोग्याच्या अंगाने व्हायला हवा, कारण प्रश्न थोड्या घरांपुरता राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे १० कोटी ३८ लाख होती. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईच्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातला दर पाचवा माणूस साठीच्या पुढचा असेल.

वृद्धाश्रमाहून वेगळी गोष्ट

पुण्यात नवी पेठेत ‘निवारा’ ही संस्था आहे. १८६३ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निराधार आणि अपंगांसाठी ती सुरू झाली आणि आजही निराधार वृद्धांना सांभाळते. समाजाला अशा संस्था हव्यातच. निवृत्तांची वसाहत मात्र वेगळ्या गरजेतून आली. तिथे माणूस स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या दाराची किल्ली खिशात ठेवून राहतो. घर लहान, स्वयंपाकघर स्वतःचे, आणि सामायिक भोजनगृह, दवाखाना, बाग, वाचनकक्ष, रात्रीचा पहारा ही व्यवस्था संस्थेची.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या सन सिटीने १ जानेवारी १९६० रोजी दारे उघडली, तेव्हापासून ही कल्पना जगभर पसरली. महाराष्ट्रात ती मुख्यतः पुण्याच्या आसपास रुजली. परांजपे स्कीम्सच्या ‘अथश्री’ वसाहती पाषाण, बावधन, बाणेर, हडपसर इथे आहेत. लवासात आशियाना कंपनीची ‘उत्सव’ वसाहत आहे. माथेरानच्या पायथ्याशी नेरळजवळ डिग्निटी फाउंडेशनने टाउनशिप उभारली. १९९५ मध्ये डॉ. शीलू श्रीनिवासन यांनी मुंबईत सुरू केलेल्या या संस्थेने तिथे स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या देखभालीचीही सोय केली. नाशिककरांनी घर कुठेही घ्यायचे ठरवले, तरी पुण्यातली एखादी आणि नेरळची अशा दोन वेगळ्या घडणीच्या जागा आधी पाहून याव्यात. नाशिक परिसरातले नवे प्रकल्प कशाशी ताडून पाहायचे, हे त्यातून कळते.

तब्येतीला नेमके काय मिळते

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक निरोगी वार्धक्याचे म्हणून जाहीर केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची निरोगी वार्धक्याची व्याख्या आजार नसण्यावर उभी नाही. स्वतःला मोलाची वाटणारी कामे करत राहण्याची क्षमता टिकणे, असे ती म्हणते. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेत असूनही रोज स्वतः बाजारात जाणारी, नातवाला फोनवर गणित शिकवणारी बाई या व्याख्येत निरोगी ठरते. सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेला, पण दिवसभर टीव्हीसमोर बसून राहिलेला माणूस ठरत नाही.

वसाहतीत राहिल्याने ही क्षमता टिकते का? बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठाने एक्स्ट्राकेअर या धर्मादाय संस्थेच्या वसाहतींमधल्या रहिवाशांचा काही वर्षे मागोवा घेतला. २०१५ च्या अहवालात असे दिसले की अभ्यासातल्या रहिवाशांवर होणारा सरकारी आरोग्यसेवेचा खर्च वर्षभरात ३८ टक्क्यांनी घटला. तिथे राहायला जाणारी माणसे मुळातच उत्साही असू शकतात, त्यामुळे सगळे श्रेय इमारतीला देता येणार नाही. तरी दिशा स्पष्ट आहे.

यामागचे एक मोठे कारण म्हणजे माणसे. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून, तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. ज्यांचे नातेसंबंध आणि सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक दिसली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालातही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या १४ टाळता येण्याजोग्या कारणांत एकाकीपण आहे. त्याच यादीत ऐकू कमी येणे आणि दिसायला कमी होणे हेही आहे. ही दोन्ही कारणे एकाकीपणात भर घालतात. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्पांतून उठून जातो, आणि जवळचे म्हणतात की त्यांचा स्वभावच तसा झाला. चांगल्या वसाहतीत वर्षातून एकदा श्रवणतपासणी होते आणि कानातले यंत्र लावून बसणारे चार जण आजूबाजूला असल्याने नवीन माणसाला लाजही वाटत नाही.

पण सगळ्यांत बोलका प्रयोग जुना आहे. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका शुश्रूषागृहात दोन मजल्यांवरच्या वृद्धांना वेगवेगळ्या प्रकारे वागवले. एका गटाला सांगितले की खोलीची मांडणी, दिवस कसा घालवायचा, सिनेमा कधी पाहायचा हे तुम्ही ठरवा. एक रोप घ्या आणि त्याला पाणीही तुम्हीच घाला. दुसऱ्या गटालाही रोप दिले, पण पाणी परिचारिका घालतील आणि बाकी सगळी काळजी आम्ही घेऊ, असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहिला गट अधिक उत्साही, अधिक जागरूक आणि अधिक हिंडता-फिरता दिसला. सेवेत दुसरा गट कुठेच कमी नव्हता.

वसाहत निवडताना हा प्रयोग हाताशी ठेवावा. जिन्याची भीती, गळकी टाकी, वीजबिलाची रांग, रात्रीची धास्ती हा भार वसाहतीने जरूर उचलावा. पण भाजी निवडणे, झाडांना पाणी घालणे, ग्रंथालयाच्या नोंदी ठेवणे, गणपतीची आरास करणे, जेवणाचा आठवड्याचा बेत ठरवणे ही कामे रहिवाशांच्या हातातून काढून घेणारी वसाहत कितीही चकचकीत असली तरी प्रकृतीला घातक आहे. हॉटेलसारखी सेवा आठवडाभर सुखाची वाटते. दहा वर्षे तशी सेवा घेतली तर हातपाय आणि डोके दोन्ही आळसावतात.

नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळ वेस्प गावात २००९ पासून ‘होगेवेक’ ही स्मृतिभ्रंश झालेल्यांची वस्ती आहे. तिथे सुपरमार्केट आहे, कॅफे आहे, नाट्यगृह आहे. घरातल्या सहा-सात जणांच्या स्वयंपाकाचे सामान आणायला रहिवासी मदतनिसांबरोबर दुकानात जातात. ज्यांना कालचा दिवस आठवत नाही त्यांच्याकडून जर एवढे होते, तर निवृत्त शिक्षिकेला किंवा फोरमनला सकाळपासून रात्रीपर्यंत नुसते बसवून ठेवण्याचे कारण नाही.

साध्या मंगळवारी जाऊन पाहावे

वसाहती सहसा रविवारी दाखवल्या जातात. त्या दिवशी रांगोळी असते, गाण्याचा कार्यक्रम असतो, जेवणात श्रीखंड असते. पाहायला जावे ते एखाद्या साध्या मंगळवारी, न सांगता, आणि शक्य तर दुपारी तीन ते सहा या वेळेत. या वेळेत बहुतेक रहिवासी झोपलेले किंवा टीव्हीसमोर आहेत, की कुठे कॅरम, कुठे भजन, कुठे पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मोबाइल शिकवणे चालू आहे, हे पाहावे. नोटीस बोर्ड वाचावा. त्यावर नुसत्या ‘हे करू नये’ अशा सूचना असतील, की रहिवाशांच्या सह्यांचे बेत असतील, त्यावरून कारभार कोणाच्या हातात आहे ते समजते. रहिवाशांची समिती आहे का, तिच्या बैठका होतात का, तिचे म्हणणे ऐकून गेल्या वर्षात काय बदलले, हे व्यवस्थापकाला नाही, बाकावर बसलेल्या आजोबांना विचारावे.

व्यायामाची खोली बहुतेक ठिकाणी असते. ती वापरात आहे का, हे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे. आपल्याकडे चालण्याला मान आहे. नाशिकला गोल्फ क्लब मैदानाचा ट्रॅक पहाटेपासून भरलेला असतो. ताकद आणि तोल मात्र राहून जातात, आणि माणूस पडतो तो त्यामुळेच. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट गटाने व्यायाम घेणारी वसाहत ही स्विमिंग पूल असलेल्या पण व्यायाम न घेणाऱ्या वसाहतीपेक्षा केव्हाही सरस.

जाण्याआधी घरीच दोन चाचण्या करून पाहता येतात. हात नसलेल्या सरळ पाठीच्या खुर्चीवर बसून, हात छातीवर बांधून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ आणि स्त्रीला ११ पेक्षा कमी वेळा जमले तर पायांची ताकद सरासरीहून कमी आहे. दुसरी चाचणी अशी : खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. त्याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरावा. दोन्ही वेळा जवळ कोणी तरी उभे असावे. हे आकडे वहीत लिहून ठेवावेत आणि वसाहतीत गेल्यावर दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजावेत. वर्षभरात ते सुधारले किंवा निदान टिकले, तर ती जागा मानवली असे समजायला हरकत नाही.

जेवणाबद्दल दोन शब्द जास्त. वसाहतीच्या भोजनगृहात मीठ-तेल कमी असते, याचेच कौतुक होते. प्रथिनांकडे लक्ष जात नाही. वयानुसार स्नायू झिजतात, म्हणून निरोगी ज्येष्ठांनी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे तज्ज्ञांचे मत आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम लागतात, आणि पातळ वरण, दोन फुलके, भोपळ्याची भाजी यांत ती पुरी होत नाहीत. मुगाची धिरडी, उसळ, दही, पिठले, चालत असेल त्यांना अंडी, असे काही रोजच्या ताटात आहे का, ते पाहावे. रात्रीचे जेवण स्वयंपाक्याच्या सोयीने सहा वाजताच उरकले जात असेल तर मधुमेही माणसाला मध्यरात्री काय मिळणार, हेही विचारावे.

आणि एक गोष्ट घरोघरी लागू पडते. नोकरीतला पुरुष ५८ किंवा ६० व्या वर्षी निवृत्त होतो; त्याच घरातली बाई पंचाहत्तरीतही पोळ्या लाटत असते. भोजनगृहामुळे तिला पहिल्यांदा सुटी मिळते. अनेक स्त्रिया या वयात गाणे शिकायला लागतात, प्रवासाला जातात, मुक्त विद्यापीठात नाव घालतात (यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकलाच आहे). अडचण पुरुषांची होते. ज्यांची ओळख खुर्चीशी आणि हुद्द्याशी जोडलेली होती, त्यांना वसाहतीत कोणी ‘साहेब’ म्हणत नाही. अशांना पहिल्या महिन्यातच काम मिळायला हवे. हिशेब तपासणे, पाण्याच्या मोटारीवर देखरेख, कर्मचाऱ्यांच्या मुलांची शिकवणी, काहीही चालेल. जोडीदार गेल्यावर एकट्या उरलेल्या पुरुषाला तर चहा करता येणे आणि भात लावता येणे हीसुद्धा आरोग्याची बाब ठरते. ते आधीच शिकून घेतलेले बरे.

घराची मोजमापे आणि नाशिकचे रस्ते

‘ज्येष्ठांसाठी खास’ असा फलक लावला म्हणून घर ज्येष्ठांसाठीचे होत नाही. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी नमुना मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्या धर्तीवर महारेराने २०२४ मध्ये राज्यातल्या ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी निकष ठरवले. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट, चाकाची खुर्ची सगळीकडे फिरेल अशी रचना, किमान ९० सेंटिमीटर रुंद दारे, दोन्ही बाजूंना कठडे असलेला किमान दीड मीटर रुंद जिना, एका टप्प्यात १२ पेक्षा जास्त पायऱ्या नकोत, न्हाणीघरात न घसरणारी फरशी आणि धरायला दांडे, स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र, लिफ्टला जनरेटर. हे सगळे विक्रीकरारात लिहून मागावे. पाहायला जाताना मोजपट्टी न्यावी. न्हाणीघराचा दांडा हाताने ओढून पाहावा. नुसत्या टाइलमध्ये बसवलेला असेल तर तो माणसाचा भार पेलणार नाही. बिछान्याजवळची घंटा दाबावी आणि कोणी तरी येईपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळात पाहावे. शक्य असेल तर हे रात्री करावे.

नाशिकच्या बाबतीत जागा कुठे आहे याचा वेगळा विचार हवा. गंगापूर धरणाकडे, त्र्यंबक रोडला, दिंडोरी रोडला डोंगर आणि पाणी दिसणारी सुंदर ठिकाणे आहेत. साठीत ती मोहात पाडतात. पण हृदयविकाराच्या झटक्यात आणि पक्षाघातात मिनिटांना किंमत असते. म्हणून त्या जागेपासून हृदयरोगाची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंत संध्याकाळी सातच्या गर्दीत स्वतः गाडीने जाऊन पाहावे. वाटेत द्वारका चौक लागत असेल तर नकाशावरच्या वेळेवर विसंबू नये. २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नाने आहेत. पंचवटी, तपोवन आणि त्र्यंबक रस्ता या बाजूंना त्या काळात वाहतूक वळवली जाईल. तेव्हा रुग्णवाहिका कोणत्या मार्गाने येणार, याचे उत्तर व्यवस्थापनाकडे आजच असायला हवे. हिवाळ्याचेही तसेच. निफाडचा पारा एक आकड्यावर उतरतो तेव्हा शहरातही पहाट बोचरी असते. रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनी त्या दिवसांत फिरणे ऊन वर आल्यावरच ठेवावे, आणि वसाहतीने योगवर्गाची वेळ त्याप्रमाणे बदलावी.

शहरापासून फार तुटून राहण्याचा आणखी एक तोटा आहे. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, कुसुमाग्रज स्मारकातले कार्यक्रम, मे महिन्यात गोदाघाटावर भरणारी वसंत व्याख्यानमाला, ही नाशिकच्या ज्येष्ठांची पिढ्यान्‌पिढ्यांची ठिकाणे आहेत. तिथे वेगवेगळ्या वयाची माणसे भेटतात. फक्त समवयस्कांत राहिले की गप्पा हळूहळू दुखण्यांभोवती फिरायला लागतात. वसाहतीची गाडी आठवड्यातून दोनदा तरी शहरात जाते का आणि सिटीलिंक बसचा थांबा चालत जाण्याइतका जवळ आहे का, हे विचारायला विसरू नये.

पैसा, कागद आणि अवघड प्रश्न

व्यवहाराचे तीन प्रकार प्रचलित आहेत. घर विकत घेणे, परत मिळणारी मोठी अनामत भरून राहणे, किंवा थोडी अनामत आणि महिन्याचे भाडे. विकत घेतले तर वारसांना घर मिळते, पण अनेक ठिकाणी ठराविक वयाच्या आत त्यांना तिथे राहता येत नाही. अनामत भरली तर सोडताना किती कापून, किती दिवसांत परत मिळणार, हे पाहावे. महिन्याच्या शुल्काचा हिशेब पुढच्या वर्षांसाठी मांडावा. आज ३० हजार रुपये असलेले शुल्क दरसाल आठ टक्क्यांनी वाढले तर नवव्या वर्षाअखेर ते सुमारे ६० हजार होते. पेन्शन त्या वेगाने वाढते का?

खरी कसोटी मात्र वेगळी आहे. अंथरुणाला खिळल्यावर किंवा विस्मरण वाढल्यावर ही वसाहत काय करणार? बऱ्याच जागा फक्त स्वावलंबी माणसांना घेतात आणि परावलंबन आले की घर रिकामे करायला सांगतात. ऐंशीव्या वर्षी, सर्वांत दुबळ्या अवस्थेत, पुन्हा घर शोधायची पाळी येते. शुश्रूषेचा विभाग आवारातच आहे का, त्याचे वेगळे दर काय, आणि कोणत्या अवस्थेत जागा सोडावी लागेल, हे लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. न्यूझीलंडमध्ये २००३ चा कायदा सांगतो की सही करण्याआधी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतलाच पाहिजे आणि सहीनंतर १५ कामाच्या दिवसांत करार मोडता येतो. आपल्याकडे असे बंधन नसले तरी तेवढी शिस्त प्रत्येकाने स्वतःला लावून घ्यावी : बिल्डरने सुचवलेला वकील नको, आणि पहिल्या भेटीत धनादेश नको.

राहते घर विकून मुलांच्या नावे पैसे करण्याची घाईही नको. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्यातल्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. त्यासाठी बक्षीसपत्रात ती अट स्पष्ट शब्दांत लिहावी. तक्रार प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडे करायची असते. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. वयाची सत्तरी पूर्ण झालेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्यावे. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय त्यात आहे. वसाहतीजवळचे कोणते रुग्णालय ते स्वीकारते, हेही तपासावे.

जे जाणार नाहीत, आणि जे जाणार आहेत

प्रत्येकाला वसाहत परवडणार नाही, आणि प्रत्येकाला ती हवीशीही वाटणार नाही. बोस्टनमध्ये बीकन हिल भागातल्या रहिवाशांनी २००२ मध्ये यावर उपाय काढला. घर न सोडता त्यांनी सभासद वर्गणीवर एक संस्था केली. डॉक्टरांकडे नेणे, नळदुरुस्ती, भेटीगाठी, फिरायला सोबत ही कामे ती पाहते. नाशिकच्या वस्त्यांत ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे आधीपासून आहे. सहली आणि वाढदिवसांच्या पलीकडे जाऊन एखाद्या संघाने तीन कामे अंगावर घेतली तरी वसाहतीचा बराचसा लाभ गल्लीतच मिळेल : तोल आणि ताकदीचा व्यायामवर्ग, एकट्या राहणाऱ्यांना रोज सकाळी नऊला फोन, आणि पाच-सहा घरांनी मिळून ठेवलेली एक भरवशाची केअरटेकर. प्रत्येकाची जादा किल्ली शेजारी असावी आणि फ्रिजच्या दारावर औषधांची यादी. जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट बसवता येईल का, याचा विचार सोसायटीच्या पुढच्या सभेत घ्यावा. तळमजल्यावरचे शेजारी खर्चाला कुरकुरतील, त्यांच्याशी आधी बोलावे.

ज्यांचे जायचे ठरले आहे, त्यांनी फार उशीर करू नये. हातीपायी धड असताना गेलेली माणसे मित्र जोडतात. पडल्यावर, खुबा मोडल्यावर आणलेल्यांना ते जमत नाही. मुलांना निर्णय कळवावा, त्यांची परवानगी मागत बसू नये. आधी महिनाभर भाड्याने राहावे, आणि जमल्यास तो महिना पावसाळ्याचा निवडावा, कारण ओल, कुबट वास, वीज जाणे, निसरडे रस्ते तेव्हाच दिसतात. पटले तर नाशिकचे घर लगेच विकू नये. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर द्यावे. तोवर गॅसजोडणी, शिधापत्रिका आणि मतदार यादीतले नाव जागच्या जागी राहू द्यावे. बँकेचा आणि पेन्शनचा पत्ता मात्र पहिल्याच महिन्यात बदलावा, म्हणजे नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना धावपळ होत नाही.